‘ध’चा ‘मा’ आणि कर्करोग

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार ज्या गावात जन्मला, त्या गावातील श्रोत्यांस त्याची कथा सांगण्याचे वास्तविक कारण नाही. तरीही आजच्या विषयाच्या दारात शिरण्यास तिच्याइतकी सोयीची पायरी आम्हांस दुसरी सापडली नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणरावांस ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता आणि एक अक्षर बदलून तो ‘मारावे’ असा करण्यात आला, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी हा वाद इतिहासकारांनी घालावा. आमचे लक्ष तिच्यातील दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. वाड्यात शिरलेले गारदी परमुलखातून चाल करून आलेले शत्रू नव्हते. ते पेशव्यांचेच पगारी शिपाई होते. कागदही घरचाच होता. बदलले होते ते एक अक्षर. आणि शिपायांनी हुकूम इमानाने पाळला, म्हणूनच अनर्थ झाला.

कर्करोगाची गोष्ट बरीचशी अशीच आहे. त्यात शरीरावर उलटणारी पेशी परकी नसते, आपलीच असते. तिला वाढण्याचा हुकूम मिळतो, तो ती पाळते आणि पाळतच राहते. हा हुकूम येतो कोठून, पेशीच्या पोटात तो कसा पोचतो, त्यात अक्षर कसे बदलते आणि बदललेले अक्षर ओळखून इलाज कसा करता येतो, एवढे चार प्रश्न आम्ही आज घेणार आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेच्या कचेरीत रजेचे अर्ज, विम्याचे कागद आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढावयाच्या रकमांचे तक्ते भरून देता देता आमचा या रोगाशी परिचय झाला. काही वर्षांपूर्वी ड्रिलिंग यंत्रावर काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तो त्याने आठ महिने कोणास दाखविला नाही. रोगाचे नाव निघाले तर काम जाईल, ही एक भीती. आणि दुसरी अशी की, जेवणाच्या सुट्टीत मंडळी आपला पेला वेगळा ठेवतील. निदान झाल्यावर त्याचा पेला खरोखरच वेगळा ठेवण्यात आला. त्याने आम्हांस विचारले, “साहेब, हे मला लागले कुठून?” त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे पुस्तके मिळवून, जाणत्यांस विचारून, जमेल तसे आम्ही ते शिकत गेलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम निरोगी शरीराकडे पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील कित्येक रोज मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तांबड्या रक्तपेशी दर सेकंदास सुमारे २० लाख या प्रमाणात तयार होतात. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. एवढी उलथापालथ चालू असूनही आपले नाक वाढत जात नाही, यकृत आपली हद्द सोडीत नाही आणि जखम भरून आली की कातडी वाढण्याचे थांबते. ज्यांच्या नावाने आपली ही वस्ती ओळखली जाते, ते महर्षी अण्णासाहेब कर्वे १०४ वर्षे जगले. एका देहात शंभरांवर वर्षे ही देवघेव बिनबोभाट चालावी, यावरून पेशींची शिस्त किती कडक असली पाहिजे याची कल्पना येईल.

ही शिस्त कोण राखते? याचे उत्तर शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याच्या विद्येतून मिळाले. या विद्येचे आपल्या देशातील एक मोठे नाव पुण्याचे आहे. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. हुजूरपागेत त्या शिकल्या, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी भांड्यात अखंड जिवंत ठेवण्यात यश आले, ते याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. परत आल्यावर रणदिवेबाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

भांड्यात पेशी वाढविणाऱ्यांस एक अडचण नेहमी येई. साखर, क्षार, जीवनसत्त्वे, सर्व काही मोजून घातले, तरी निरोगी पेशी नुसत्या जगत. वाढत मात्र नसत. त्यात रक्ताचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारा पिवळसर रस, घातला की त्या दुभंगू लागत. न गोठलेल्या रक्तातून काढलेला प्लाझ्मा घातला तर हा परिणाम फारसा दिसत नसे. दोहोंत फरक काय? रक्त गोठताना बिंबाणू, म्हणजे डेंग्यूच्या साथीत ज्यांचा आकडा आपण रोज विचारतो त्या प्लेटलेट, आपल्या पोटातील काही द्रव्ये बाहेर सोडतात. पेशींना वाढण्याचा निरोप देणारे द्रव्य त्यांच्यात होते, हे १९७४ साली उघड झाले. यात निसर्गाची योजना मोठी समर्पक आहे. यंत्रावर बोट कापले की रक्त वाहते आणि गोठते. गोठता गोठताच ‘येथे भगदाड पडले आहे, पेशी वाढवा’ अशी चिठ्ठी आसपासच्या पेशींना जाते. अशा चिठ्ठ्यांना शास्त्रात वृद्धिघटक म्हणतात. ते अन्न नव्हेत. ते निरोप आहेत. अन्न भरपूर असले तरी निरोप आल्यावाचून निरोगी पेशी दुभंगत नाही.

वृद्धिघटकांचा पहिला शोध मात्र याआधीचा आहे, आणि तो एका बहिष्कृत स्त्रीने लावला. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटलीतील ज्यू. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले, तेव्हा त्यांनी तुरिन येथे आपल्या झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर काम चालू ठेवले. महायुद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. उंदराच्या अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर लावला, की गर्भाचे मज्जातंतू त्याच्याभोवती भराभर फुटतात, असे त्यांना दिसले. अर्बुदातून काहीतरी पाझरत होते. १९५२ साली ब्राझीलमध्ये काचेच्या भांड्यात त्यांनी हे पडताळून पाहिले आणि पुढे स्टॅन्ली कोहेन यांच्या साहाय्याने त्या द्रव्याचा माग काढला. कोहेन यांना १९६२ च्या सुमारास दुसरे एक द्रव्य सापडले. ते नवजात उंदरांना टोचले की त्यांचे डोळे ठरल्या दिवसांच्या बरेच आधी उघडत आणि दातही लवकर येत. कातडीच्या व अस्तराच्या पेशींना वाढावयास लावणारा हा घटक. त्यास आपण त्वचावर्धक म्हणू. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृद्धिघटकांच्या इतिहासातील पहिलाच धागा अर्बुदातून निघाला, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

आता चिठ्ठी पेशीपर्यंत आली. पुढे काय होते? बहुतेक वृद्धिघटक पेशीच्या आत शिरतच नाहीत. पेशीच्या आवरणात ग्राही नावाची प्रथिने रोवलेली असतात. त्यांचे एक टोक बाहेर आणि एक आत. कारखान्याच्या फाटकावरील खिडकीप्रमाणे त्यांचा उपयोग होतो. चिठ्ठी बाहेरच्या टोकास चिकटली की दोन ग्राही जवळ येऊन जोडी जमवितात, आणि आतील टोके एकमेकांवर फॉस्फेटचा ठसा उमटवितात. टायरोसिन या घटकावर असा ठसा मारला जातो, हे १९७९ साली टोनी हंटर यांनी दाखविले. ठसा मारणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. हा शब्द पुढे औषधांच्या वेळी लागणार आहे.

ठसा पाहून आतील दुसरी प्रथिने गोळा होतात आणि ‘रास’ नावाचे प्रथिन जागे करतात. रास म्हणजे एक कळ आहे: एका स्थितीत चालू, दुसऱ्या स्थितीत बंद. चालू झालेली रास पुढच्या कायनेजला उठविते, ते त्याच्या पुढच्याला, आणि असे हातोहात करीत निरोप पेशीच्या केंद्रकात पोचतो. तेथे जनुकांचे दप्तर असते. त्यातील योग्य ती पाने उघडली जातात आणि पेशी दुभंगण्याची तयारी करते. एवढे मधले हात कशासाठी, असे कोणी विचारील. कारखान्यात पॉवर प्रेस पाहिलेल्यास याचे उत्तर ठाऊक आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्यावाचून तो खाली येत नाही. कारण एका हाताची चूक दुसऱ्या हातास महाग पडू नये. पेशीतही एका निरोपावर काम सुरू होत नाही आणि प्रत्येक टप्प्यावर तो तपासता येतो. शिवाय निरोप पोचला की रास आपोआप बंद होते, खिडकी आत ओढून घेतली जाते आणि ठसे पुसले जातात. हे बंद होणे सुरू होण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

अक्षर बदलते ते येथे. १९११ साली अमेरिकेत पेटन रौस यांनी एक विषाणू कोंबडीत कर्करोग उत्पन्न करतो असे दाखविले. पुष्कळ वर्षे याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली. त्या विषाणूतील रोगकारक जनुकाचे मूळ शोधीत असता १९७६ साली मायकेल बिशप व हॅरल्ड वार्मस यांना नवल दिसले. ते जनुक विषाणूचे नव्हतेच. निरोगी कोंबडीच्या पेशीतही तेच होते आणि इतर पक्ष्यांतही आढळले. विषाणूने ते कधीकाळी तेथून उचलून नेले होते. म्हणजे कर्करोगाचे बी बाहेरून आलेले नसून आपल्या दप्तरातील एका उपयोगी हुकुमाची बिघडलेली नक्कल होते. पुढे १९८३ साली असे एक रोगकारक जनुक म्हणजे बिंबाणूंतील वृद्धिघटकाचेच जनुक निघाले आणि १९८४ साली दुसरे एक जनुक त्वचावर्धकाच्या ग्राहीचा तुटका तुकडा ठरले. दोन निरनिराळ्या वाटांनी चाललेली संशोधकांची दोन पथके एकाच चौकात भेटावीत, तसे झाले. वाढीचा हुकूम पोचविणारी यंत्रणा आणि कर्करोगाची यंत्रणा एकच आहे, हे त्या दोन वर्षांत पक्के झाले.

बिघाड साधारणतः तीन ठिकाणी होतो. पहिला प्रकार असा, की पेशी स्वतःच चिठ्ठी लिहून स्वतःच्याच खिडकीत टाकते. दुसऱ्यात खिडकी बिघडते. चिठ्ठी नसतानाही ती उघडीच राहते, किंवा जेथे थोड्या खिडक्या हव्यात तेथे शेकडो पटींनी होतात. स्तनांच्या कर्करोगात सुमारे पाच ते सात रुग्णांत एकीस ‘हर-२’ नावाच्या ग्राहीची अशी गर्दी असते. याचे उंदीरवर्गातील भावंड असलेले जनुक १९८२ साली रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत ज्यांनी उजेडात आणले, ते लक्ष्मीचरण पाढी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील होते. तिसऱ्या प्रकारात मधली कळ अडकते. १९८२ सालीच मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत रासच्या जनुकाची निरोगी जनुकाशी ताडून पाहणी झाली. हजारो अक्षरांत फरक निघाला एकाच अक्षराचा. त्यामुळे प्रथिनातील बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले होते, आणि एवढ्याने कळ बंद होण्याची विसरली होती. हा खरा ‘ध’चा ‘मा’. आणि याला आख्यायिकेचा आधार लागत नाही.

तरीही एका अक्षराने सहसा कर्करोग होत नाही. पेशीत आवर घालणारीही प्रथिने आहेत. त्यांतील ‘पी-५३’ नावाचे प्रथिन कारखान्यातील कडक तपासनिसासारखे वागते. दप्तरात खाडाखोड दिसली की ते दुभंगणे थांबविते, दुरुस्तीस वेळ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला स्वतःचा अंत करावयास लावते. मानवी कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत हा तपासनीस निकामी झालेला आढळतो. कळ अडकली पाहिजे, तपासनीस गेला पाहिजे, आणखी दोन-चार बंधने सुटली पाहिजेत, तेव्हा कोठे अर्बुद उभे राहते. यास बहुधा वर्षानुवर्षे लागतात. म्हणून हा रोग उतारवयात अधिक दिसतो.

येथे आमच्या त्या सभासदाच्या पेल्याचा प्रश्न सुटतो. बदललेले अक्षर त्याच्या गालातील पेशींत होते. पेल्याला तोंड लावून ते दुसऱ्याच्या पेशीत जात नाही. कर्करोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. काही कर्करोगांस कारण होणारे विषाणू मात्र पसरतात, एवढा भेद लक्षात ठेवावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असलेला एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि त्याचे एक प्रथिन या ‘पी-५३’ तपासनिसालाच नाहीसे करते. त्यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून उपलब्ध झाली आहे. मुलींच्या आईबापांनी तिची चौकशी करावी.

“मग मला लागले कुठून?” या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वेळा तंबाखूच्या पुडीत असते. तंबाखूतील नायट्रोसामाइनसारखी द्रव्ये जनुकाच्या अक्षरांस चिकटतात आणि पेशी नक्कल करू लागली की तेथे चुकीचे अक्षर पडते. गालात ठेवलेला बार, दातांस लावलेली मिशरी, गुटखा, बिडी हे सारे रोज थोडी थोडी खाडाखोड करीत असतात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. संघवी व डॉ. राव यांनी १९५५ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला होता. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली. मधली ५७ वर्षे कोणाच्या गालांवर गेली, हे कामगार वस्तीत राहणाऱ्यास सांगावयास नको. रात्रपाळीत झोप येऊ नये आणि भूक मारावी म्हणून तंबाखू खाल्ली जाते. तेव्हा सवयीचा सगळा दोष खाणाऱ्याच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही.

इलाजाचा विचार आता करता येईल. जुनी रासायनिक औषधे दुभंगणारी कोणतीही पेशी मारीत. म्हणून केस गळत आणि तोंड येई. ती आजही लागतात आणि उपयोगी पडतात. परंतु कोणते अक्षर बदलले हे कळले, तर नेमकी तीच कळ अडविता येईल, ही आशा निर्माण झाली. रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक सदैव चालू राहणारे कायनेज तयार होते. ते बंद पाडणारी इमॅटिनिब नावाची गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. ज्या रोगात पूर्वी माणूस काही वर्षांचा सोबती मानला जाई, त्यात आज नियमाने गोळी घेणारे पुष्कळ जण जवळजवळ सामान्य आयुष्य जगतात.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा अनुभव याहून बोधप्रद आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी एका विशिष्ट प्रकारच्या फुप्फुस-कर्करोगाच्या ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी २०१३ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ टक्क्यांत त्वचावर्धकाच्या ग्राहीत बदल आढळला. म्हणजे कोहेन यांच्या उंदरांचे डोळे लवकर उघडणाऱ्या चिठ्ठीचीच खिडकी बिघडलेली होती. हा बदल तंबाखू न ओढणाऱ्यांतही, स्त्रियांतही सापडतो. ती खिडकी अडविणारी जेफिटिनिब ही गोळी आहे. अडचण अशी, की काही महिन्यांनी अर्बुद त्या गोळीस दाद देईनासे होते. पुष्कळदा ग्राहीतील ७९० व्या जागी आणखी एक अक्षर बदलते आणि गोळी बसेनाशी होते. ‘मा’ला आणखी एक मात्रा जोडावी तसे. टाटा रुग्णालयातील डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना नुसती गोळी आणि निम्म्यांना गोळीबरोबर जुनी रासायनिक औषधे दिली. रोग पुन्हा डोके वर काढीपर्यंतचा मध्यम काळ पहिल्या गटात ८ महिने, तर दुसऱ्यात १६ महिने भरला. दुसऱ्या गटास औषधांचा त्रास अधिक झाला, हेही त्यांनी नमूद केले आहे. एक दार बंद केले की रोग दुसरे शोधतो. म्हणून दोन दारे एकदम बंद करावी, हा त्यातील धडा.

परंतु गोळी निघाली म्हणजे ती कामगाराच्या हाती पडली, असे होत नाही. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या गोळ्यांस महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर आपल्या देशातील कंपन्यांच्या त्याच औषधास ८ ते १० हजार. मूळ कंपनीने पेटंट मागितले, त्यास मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये सोराफेनिबचा निकाल लागला होता. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगात दिले जाणारे हे औषध वृद्धिघटकांचे निरोप तोडते, आणि अर्बुद स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेण्यासाठी ज्या चिठ्ठ्या पाठविते त्याही अडविते. त्याची एका महिन्याची किंमत होती २ लाख ८० हजार ४२८ रुपये. पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८ हजार ८८० रुपयांहून अधिक असू नये अशी अट घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो निकाल कायम ठेवला. संशोधनास पैसा लागतो, हे आम्हांस मान्य आहे आणि संशोधकाचा मोबदलाही मान्य आहे. पण त्याच गोळ्या तिसाव्या हिश्श्याच्याही खाली विकता येतात, हे पाहिल्यावर उरलेली किंमत कशाची, हा प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णास आहे. तो प्रश्न संघटितपणे विचारला गेला, म्हणूनच त्याला उत्तर मिळाले.

आमच्या सभासदाच्या रोगासंबंधी, म्हणजे डोक्या-मानेच्या कर्करोगासंबंधी, असेच एक काम टाटा रुग्णालयात झाले. डॉ. विजय पाटील व सहकाऱ्यांनी ते २०२३ साली प्रसिद्ध केले. रोग हाताबाहेर गेलेल्या १५१ रुग्णांस तीन स्वस्त गोळ्या देण्यात आल्या. त्यांतील एर्लोटिनिब ही त्वचावर्धकाचीच खिडकी अडविणारी आहे. त्यांपैकी एका गटास याशिवाय निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, देण्यात आले. हे औषध अर्बुदावर शरीराच्या संरक्षक पेशींचा अंकुश पुन्हा चालू करते. वर्षअखेरीस जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होते. हा रोग मुळातून बरा करणारा उपाय नव्हे. पण गरिबास परवडेल अशी मात्रा शोधणे हेही संशोधनच आहे, आणि ते परळसारख्या गिरणगावच्या वस्तीतील रुग्णालयात व्हावे, हे साजेसेच झाले.

सर्वांत स्वस्त औषध मात्र याहूनही अलीकडे आहे. रोग चार-सहा अक्षरांनी होतो आणि त्यास वर्षे लागतात, याचा अर्थ मध्ये सावध होण्यास वेळ मिळतो. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तीन बोटे उभी मावतील इतके तोंड न उघडणे, स्तनात किंवा मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांस दाखवावे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे नुसती उजेडात पाहिली, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. लागते काय, तर बॅटरी आणि पाहणारे डोळे. आमच्या संघटनेत आता दर तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांची तोंडे पाहण्याची रीत आम्ही पाडली आहे. सुरुवातीस मंडळी हसली. आता एखाद्याने तोंड उघडण्यास टाळाटाळ केली, तर शेजारचाच त्याला दटावतो.

याच हिंगण्याच्या माळावर १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी झोपडीत आश्रम हलविला, तेव्हा विधवेने शिकावे ही गोष्टच लोकांस लाजिरवाणी वाटे. लाजेपायी माणसाने ज्ञानास आणि उपचारास मुकू नये, हे या जागेने तेव्हा सांगितले. गाठ लपविणारी बाई आणि चट्टा लपविणारा कामगार यांनाही आज हेच सांगावयाचे आहे.

आमचा तो सभासद शस्त्रक्रियेनंतर कामावर परतला. बोलणे थोडे जड झाले आहे, यंत्र मात्र पूर्वीसारखेच चालवितो. परतल्यावर पहिल्या दिवशी त्याने आपला वेगळा ठेवलेला पेला उचलला आणि सर्वांच्या पेल्यांत मिसळून ठेवला. कोणी काही बोलले नाही. चहा ओतणाऱ्याने त्या पेल्यांत, कोणता कोणाचा हे न पाहता, ओळीने चहा ओतला.